दार नुसतं लोटलेलं

मागच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी साडेतीनचा सुमार, ठाण्यातलं आमचं नौपाड्याचं घर, आणि बाहेर असा पाऊस की गोखले रोडवरचे हॉर्नसुद्धा दबून गेलेले. हॉलमध्ये दोरीवर ओले टॉवेल, पंखा पाचवर, आणि घरभर तो ऑगस्टमधला न वाळलेल्या कपड्यांचा वास. सासूबाई आत आडव्या झालेल्या, नवरा बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसलेला, मी आणि पोरगा जमिनीवर पत्ते खेळत होतो. तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. आल्या म्हणजे काय, दार नुसतं लोटलेलं होतं ते त्यांनी कोपराने ढकललं, हातात स्टीलची वाटी, आमच्याकडे बघून "खेळा, खेळा" म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात. फ्रिज उघडला, दह्याच्या भांड्यातनं चमचाभर विरजण घेतलं, तिन्हीसांजेला मागायला नको म्हणून आत्ताच आले असं माझ्याकडे न बघताच सांगितलं, आणि जाता जाता गॅसवरच्या दुधाखालची आच कमी केली. सगळं मिळून मिनिटभर. पोरगा हातातले पत्ते तसेच धरून त्यांच्याकडे बघत होता. त्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा म्हणाला, "काकूआजी, तुम्ही बेल नाही वाजवली."

तक्रारीचा सूर नव्हता हो. तुमची छत्री राहिली असं एखाद्याला सांगावं तसं सांगितलं त्याने. काकू क्षणभर थांबल्या आणि मग जे काही हसल्या! "अरे लब्बाडा, तुझ्या बापाला मी न्हाऊ घातलंय, मला बेल वाजवायला सांगतोस?" आतून सासूबाई उठून आल्या, त्यांना गोष्ट सांगितली गेली, त्या हसल्या, संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावर पोचली, रात्री वॉचमनने पोराला विचारलं, "क्या साब, बेल बजाऊं?" बिल्डिंगमध्ये आता तो बेलवाला म्हणूनच फेमस आहे आणि त्याला त्याचा जाम आनंद झालाय. हसले मीही, पण तेव्हापासून एक गोष्ट टोचत राहिलीय. काकू फ्रिजचं दार उघडत होत्या तेव्हा, पोरगा बोलायच्याही आधी, माझ्या मनात आलं होतं, अरे, ह्या अशाच कशा आत आल्या? लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून काकूंना मी अशाच येताना बघतेय. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस पुसत बाहेर आले तेव्हा काकू ओट्याशी उभ्या राहून माझा चहा गाळत होत्या. तेव्हा अवघडले होते, मग सवय झाली, मग ते इतकं अंगवळणी पडलं की एखाद्या दिवशी त्या आल्या नाहीत तर मीच बघून यायचे. आणि आता पुन्हा पहिल्यापासून?

आम्ही आता जर्मनीत ब्योब्लिंगेनला राहतो, ठाण्याला सप्टेंबरपर्यंतच आलोय. स्टुटगार्टवरून एस-वन लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आत येतं. शेजारच्या झिंडलफिंगेनला मर्सिडीजचा भलामोठा कारखाना, आजूबाजूला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्या, त्यामुळे पुणे-पिंपरीचे लोक ढिगाने, आम्ही ठाणेकर त्यातले अल्पसंख्याक. निघताना कोणीतरी मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं की मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, म्हणजे तुम्ही मावशीकडेच चाललाय असं समजा. पोचलो तो नोव्हेंबर होता. साडेचारला अंधार, रस्त्यावर माणूस नाही, आणि घरात इतकी शांतता की फ्रिज चालू होतो आणि बंद होतो ह्याचा वेगवेगळा आवाज असतो हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मावशी असेल तर फारच अबोल होती.

घराच्या कराराबरोबर बिल्डिंगच्या नियमांचा कागद मिळाला होता. रात्री १० ते सकाळी ६ आवाज नाही, दुपारी १ ते ३ आवाज नाही, रविवारी तर दिवसभरच नाही. नवऱ्याला असल्या गोष्टींच्या मुळाशी जायची भारी हौस, त्याने शोधून काढलं की रविवार हा विश्रांतीचा दिवस असं १९१९ च्या वायमार राज्यघटनेतच लिहिलंय आणि ते कलम १९४९ च्या आत्ताच्या राज्यघटनेत जसंच्या तसं घेतलंय. म्हणजे रविवारी सकाळी मी चटणीला मिक्सर लावला तर प्रकरण थेट घटनेपर्यंत जाणार. झालं, शनिवारी दुपारी तीननंतर आमच्याकडे वाटण-घाटण सुरू व्हायचं. इडलीचं पीठ, खोबऱ्याचं वाटण, दाण्याचं कूट, आठवड्याचं सगळं एकदम, आणि मिक्सरखाली टॉवेलची चौपदरी घडी. कुकरची भीती त्याहून मोठी. पहिले काही महिने शिट्टी होणार असं वाटलं की मी कुकर बाजूला ओढायचे, मग डाळ बोटचेपी राहायची, मग ती रवीने घुसळायची. कोणी तक्रार केली नव्हती बरं का. एकानेही नाही. माझी मीच दबून होते.

गंमत म्हणजे लाउडस्पीकरच्या बाबतीत रात्री १० ते सकाळी ६ हीच वेळ आपल्याकडेही आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत. मी हे लिहितेय तेव्हा पावणेअकरा वाजलेत आणि मागच्या गल्लीत गोविंदांचा सराव चालू आहे. "बोल बजरंग बली की" झालं की पाचव्या थरावरचा पोरगा चढतो बहुतेक, कारण मग एकदम सगळे गप्प होतात आणि त्यानंतर ओरडा होतो. आमचं कार्टं खिडकीच्या ग्रिलला लटकून बघतंय. हे बंद कधी होणार असं त्याने पहिल्या रात्री विचारलं होतं. आता विचारत नाही.

पण मी सांगत होते ते ब्योब्लिंगेनचं. तिथल्या भागात, म्हणजे श्वाबेन लोकांच्यात, केरवोखं नावाची एक पद्धत आहे. दर आठवड्याला एका घराची पाळी. आपल्या मजल्यावरचा जिना झाडायचा-पुसायचा ही लहान पाळी, आणि मोठी पाळी असली की बाहेरचं अंगण, तळघराचा पॅसेज, समोरची फूटपाथ, बर्फ पडला तर बर्फसुद्धा. पाळी आली की तशी एक पाटी तुमच्या दाराच्या मुठीला येऊन लटकते, आणि तुमचं झालं की तुम्ही ती पुढच्याच्या दाराला लटकवायची. पैसे देऊन माणूस ठेवायची सोय काही बिल्डिंगमध्ये असते, आमच्यात नव्हती. तर एका शनिवारी नवरा जिना झाडत होता, पोराने उत्साहाने फोन घेऊन जाऊन आजीला व्हिडिओ कॉलवर ते दृश्य दाखवलं. मी घरातनं ऐकत होते, पोटात गोळा आला. ह्या घरात सासऱ्यांनी कधी पाण्याचा ग्लास हाताने घेतलेला नाही, आणि नवऱ्याने लग्नाआधी झाडू कुठे ठेवतात हे विचारलं असतं तर शेजारच्यांनी डॉक्टरला बोलावलं असतं. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "कोपऱ्यातला राह्यलाय बघ. मागे मागे ये झाडत, पुढे जाऊ नकोस." त्या दिवशी मला त्या बाई नव्याने आवडल्या.

ठाण्यात आमचं घर किती हातांवर चालायचं हे तिथे गेल्यावरच दिसलं. धुणं-भांड्याची बाई, पोळ्यांची बाई, इस्त्रीवाला, दूधवाला, फोन केला की कोथिंबीर-मिरची फुकट टाकून भाजी पाठवणारा भय्या, शाळेच्या रिक्षाचे काका, पोराला खाली खेळताना बघणारा वॉचमन, आणि ह्या सगळ्यांना कंट्रोल करणाऱ्या सासूबाई. मी बँकेत होते, सकाळी आठ अमुकची फास्ट पकडायची, रात्री आठला परत. नवरा त्याहून उशिरा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य काढलेला. आम्ही दोघं एकमेकांना जागेपणी भेटायचो ते साधारण तासभर, तेही टीव्हीसमोर, मध्ये सासूबाई. रविवारी कोणाकडे तरी पूजा नाहीतर डोहाळजेवण. त्याला आम्ही संसार म्हणत होतो आणि तो चांगला चालला होता. ब्योब्लिंगेनला नवरा पाचला घरी यायला लागला. रोज. पहिल्या आठवड्यात मला वाटलं ह्याची नोकरी गेलीय आणि हा लपवतोय. पाचला आला की साडेसहाला जेवण, मग झोपेपर्यंतचे तास शिल्लक, बाहेर अंधार, आत आम्ही तिघं. एवढं एकमेकांकडे बघायची आम्हाला प्रॅक्टिसच नव्हती.

आणि मग आम्ही भांडायला लागलो.

विषय काय, काहीही. थंडीत खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं घर वारं खायला सोडायचं असतं तिथे, दिवसातनं दोन-तीनदा, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि घरमालक तुमच्या नावाने बोंब मारतो. बाहेर उणे चार आणि हा खिडक्या उघडतोय, पोराला सर्दी, मी ओरडतेय. कचऱ्याच्या डब्यावरून भांडण, कारण पॅकिंगचं पिवळ्यात, कागद निळ्यात, भाजीची देठं तिसऱ्यात आणि काचेच्या बरण्या तर घरी घ्यायलाच कोणी येत नाही, त्या कोपऱ्यावरच्या टाकीत पांढरी-हिरवी-तपकिरी वेगळी करून टाकायच्या. माझ्या नोकरी सोडण्यावरून भांडण, ते मात्र खरं. ठाण्यात आम्ही भांडायचो नाही असं नाही, पण तिथे भांडण पूर्ण व्हायचंच नाही! आवाज जरा चढला की सासूबाईंना नेमकं तेव्हाच देवघरातलं तेल संपल्याचं आठवायचं, नाहीतर काकू वाटी घेऊन यायच्या. काकू आल्या की चेहरे सरळ करावे लागायचे, चहा टाकावा लागायचा, चहा होईपर्यंत कशावरून चाललं होतं ते विरायचं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ह्या घरात मनमोकळं बोलायची सोय नाही, दुसऱ्या देशात गेलो की निदान दार लावून भांडता तरी येईल. दार लावता आलं. भांडण मात्र कोणी तोडायला येईना. ते रात्री आठला सुरू होऊन आपल्या गतीने शेवटपर्यंत जायचं, आणि शेवटी काय असतं ते आम्ही दोघांनीही आधी कधी पाहिलेलं नव्हतं. बरीच वर्षं पोटात ठेवलेलं बोललं गेलं त्या हिवाळ्यात. काही न बोलता तरी चाललं असतं असं अजूनही वाटतं. काही मात्र बोलायलाच हवं होतं, आणि नौपाड्यात ते कधीच बोललं गेलं नसतं ह्याची मला खात्री आहे. मैत्रिणी विचारतात, तिकडे आवडतं की इकडे, तेव्हा मी हवा, रस्ते, कामवाल्या असलंच काहीतरी बोलते. हे कुठे सांगत बसणार.

खाण्याचं लोक उगाच मोठं करतात. त्याचं जमतं. क्वार्क नावाचं जे मिळतं त्यात साखर-वेलची घातली की अर्ध्या तासात श्रीखंड, चक्का टांगायची गरज नाही. शेपू तर तिथे प्रत्येक दुकानात, फक्त जुडी एवढीशी की भाजी करायची तर दुकान रिकामं करावं लागेल. त्यांच्या काकडीच्या कोशिंबिरीत घालतात तो. पोळ्यांना देशी दुकानातनं आटा आणायचा, त्यांचा ४०५ नंबरचा मैदा वापरलात तर पोळी सकाळची संध्याकाळी कपाटात ठेवण्याच्या लायकीची होते. पोरगा शाळेत साडेनऊच्या सुट्टीत ब्रेड, चीज आणि सिमला मिरचीच्या फोडी खातो, पोळी-भाजी नेत नाही. कोणी चिडवतं वगैरे नाही, मीच खोदून खोदून विचारलं होतं. पोळी-भाजी हे जेवण आहे आणि साडेनऊला जेवत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं.

सासूबाईंचा फोन रोजचा. उन्हाळ्यात आपल्यात नि त्यांच्यात साडेतीन तास, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचार. हा मधला एक तास त्यांनी कधीच मान्य केलेला नाही. "तुमच्या सरकारने काय करायचं ते करावं, माझी सिरियल साडेनऊला संपते," म्हणून हिवाळाभर त्यांचा फोन आमच्या पाचलाच, नवरा बूट काढत असताना. फोन मिक्सरला टेकवून ठेवलेला, पोरगा समोर बसून खातोय, त्या त्याला आणखी एक घास खा म्हणतायत, मागे इथलं सगळं ऐकू येतंय. कुकर, रिक्षा, रस्त्यावरचं मेट्रोचं ठोकाठोकीचं काम, आणि काकूंचा आवाज. काकूआजी पोराला माहीत होत्या त्या अशा, त्या चौकटीत उजव्या बाजूने अचानक डोकं घालणाऱ्या. "जेवला का आमचा साहेब?" म्हणायच्या आणि परत गायब. तिथे त्याला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. फोनवर माणसं अशीच मध्ये येतात.

तिथली आमची आजी म्हणजे वरच्या मजल्यावरची. ऐंशीच्या पुढची, एकटी, केस कायम सेट केलेले. पहिलं वर्षभर जिन्यात "ग्रूस गॉट", म्हणजे तिथला नमस्कार, आणि त्याचं उत्तर, एवढंच. मग एकदा माझी पाळी चालू असताना ती थांबली, कठड्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवलं आणि ते काळं झालेलं बोट मला दाखवलं. मला इतका राग आला होता! पण गंमत अशी की आमच्या सासूबाईंनीही पहिल्या वर्षी मला अगदी हेच दाखवलं होतं, देवघराच्या फळीचं, त्यामुळे रागात थोडी ओळखही होती. त्यानंतर जिन्यात हवापाणी, पोराची शाळा असं चार वाक्यांचं बोलणं व्हायला लागलं. पोरगा पहिलीत गेला तेव्हा तिथल्या पद्धतीप्रमाणे मुलाएवढा लांब कागदी कोन खाऊ-खेळण्यांनी भरून द्यायचा असतो, त्यात घालायला तिने पेन्सिली आणून दिल्या, टोकं आधीच केलेल्या. घरात मात्र ती आली नाही आणि आम्हीही तिच्याकडे गेलो नाही.

मग गेल्या सप्टेंबरात तिची चिठ्ठी आली. आमच्या टपालाच्या पेटीत, पाकिटात घालून. शनिवारी ११ वाजता आम्हाला वेळ आहे का. आम्ही कपडे बदलून गेलो, एक मजला वर. कॉफी, अळूबुखारासारख्या त्यांच्या निळ्या फळांचा केक, कॉफीचे कप असे पातळ की मी पोराचे हात टेबलाखाली धरून ठेवले होते. खुब्याचं ऑपरेशन होणार होतं तिचं, नंतर रिहॅबला तीन आठवडे. आणि तिने घराची चावी आमच्यापुढे ठेवली. सोबत टाइप केलेला कागद, कुठल्या कुंडीला किती पाणी, मंगळवारी आणि शुक्रवारी. जिचं घर आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा आतून पाहिलं तिने चावी दिली, आणि ती देताना तिचा हात जरा थरथरला, तो वयानेही असेल. पाण्याचं काम पोराने मागून घेतलं. पहिल्या मंगळवारी मी त्याच्याबरोबर वर गेले. हा चावी हातात धरून उभा, आणि आधी त्याने बेल वाजवली. मग थांबला. आत कोणी नसलेल्या घरात बेल वाजून गेली. मी म्हटलं, "अरे, आजी हॉस्पिटलमध्ये आहे, माहितीये ना तुला?" तर म्हणाला, "माहितीये. पण घर तिचं आहे." आणि मग त्याने चावी लावली. प्रत्येक वेळी तो हे करायचा. त्याला हे कोणी शिकवलं होतं? मी तर नाही. शाळेने शिकवलं असेल, किंवा त्या बिल्डिंगनेच.

म्हणून काकूंना तो जे म्हणाला त्याचं मला हसू येऊनही वाईट वाटलं नाही, आणि त्याला रागवायला हवं होतं असंही वाटलं नाही, जरी नवऱ्याच्या मते मी त्याला सॉरी म्हणायला लावायला हवं होतं. कशाबद्दल सॉरी? काकूंना तरी कुठे राग आला होता. उलट त्या रोज मुद्दाम बेल दाबतात आता, दार उघडंच असतं, दाबतात, "येऊ का साहेब?" म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता आत येतात. पोरगाही बदलतोय. आला तेव्हा राम मारुती रोडवर झेब्रा क्रॉसिंगपाशी उभा राहून रिक्षा थांबायची वाट बघत होता, आजीने शेवटी बखोट धरून पलीकडे नेला. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करून ठेवल्या होत्या, कारण तिथे एका बाटलीचे २५ सेंट परत मिळतात, रद्दीवाल्याने सगळ्यांचे मिळून दोन रुपये दिल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता तो हात दाखवत रस्ता क्रॉस करतो, अगदी नवऱ्यासारखा, रिक्षावाल्याकडे न बघता. परवा तर समोरच्या घरात चप्पल काढून तडक आत जाताना पाहिला मी त्याला. बेल नाही, काही नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं, आता सप्टेंबरात परत गेल्यावर हा वरच्या आजीकडे असाच घुसला तर?

ह्या सगळ्याला एक घाईची किनार आहे, कारण ही बिल्डिंग पाडणार आहेत. नौपाड्यात दर दोन बिल्डिंगांआड पत्रे लागलेत, आता आमचा नंबर. सोसायटीच्या मीटिंगा, बिल्डरची ब्रोशरं, वीसच्या वर मजल्यांचा टॉवर, तीन वर्षं भाडं बिल्डर देणार, म्हणजे चार-पाच धरा. काकू तोवर मुलीकडे डोंबिवलीला जाणार. परत आल्यावर आपण एकाच मजल्यावर घ्यायचं असं त्यांनी आणि सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलंय, पण मजले चिठ्ठ्या टाकून मिळणार आहेत असं सेक्रेटरी सांगून गेले. नव्या प्लॅनमध्ये प्रत्येक दारापाशी व्हिडिओ डोअरफोन आहे, त्याचं वेगळं चित्र आहे ब्रोशरमध्ये. सासूबाईंनी ते पान बघितलं आणि उलटलं.

काल रात्री जेवताना त्यांचाच विषय निघाला. पाचपाखाडीत भाड्याचं घर बघायचं आणि मधूनमधून आमच्याकडे यायचं, असं नवऱ्याचं प्लॅनिंग. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, हे त्याने त्यांना व्यवस्थित समजावून सांगितलं. त्या वाटीतलं ताक चमच्याने ढवळत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते सगळं झालं. पण दुपारी मी कोणाकडे जाऊ?"

नवरा लगेच सुरू झाला. घरापासून चालत दोन तळी आहेत, एक वरचं आणि एक खालचं, आपल्या तलावपाळीपेक्षा स्वच्छ, कडेने बाकं. लायब्ररी आहे. देशी दुकान आहे. एस-वन पकडली की स्टुटगार्ट.

"कुठे जाऊ नाही विचारलं मी," सासूबाई म्हणाल्या. "कोणाकडे जाऊ?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मला त्या पहिल्या नोव्हेंबरातल्या माझ्या दुपारी आठवत होत्या, त्यामुळे मी आमटी वाढायला घेतली. पोराचं तोंड भाताने भरलेलं, तसाच म्हणाला, "वरच्या आजीकडे. पण टेर्मिन घ्यावा लागेल."

"काय घ्यावं लागेल?"

"आधी वेळ ठरवावी लागते. चिठ्ठी टाकायची. मी टाकीन, तिला मराठी नाही ना येत."

"मला तरी कुठे तिचं येतंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ताक संपवलं, वाटी ताटात ठेवली. "चारचा घे. त्याआधी मी झोपलेली असते. आणि काही हात हलवत जायचं नाही, लाडू करून नेऊ. तिला डायबिटीस आहे का तेवढं त्या चिठ्ठीत विचारून घे."